हवामान धोरण आणि कंपन्यांचे लॉबिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेअर बाजारात थोडीफार गुंतवणूक असलेले वाचक, वाणिज्य आणि विधी शाखेचे विद्यार्थी, काही कंपनी सेक्रेटरी आणि पर्यावरणविषयक कामात असलेली मंडळी यांच्याकडून एकाच विषयाचे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले. ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तरात अधिक खुलासा आहे, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे. मुख्य भर भारतातील नोंदणीकृत, म्हणजे शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या, कंपन्यांवर आहे. परदेशातील उदाहरणे येतात ती तेथे हा विषय दोन पावले पुढे गेलेला असल्यामुळे.

१. हवामान धोरणाबाबतचे लॉबिंग म्हणजे नेमके काय? मंत्र्यांना निवेदन देणे हेही लॉबिंगच का?

होय, निवेदन देणे हेही लॉबिंगच आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. सरकारी निर्णय आपल्याला अनुकूल व्हावा म्हणून केलेला कोणताही संघटित प्रयत्न या शब्दाखाली येतो. मसुद्यावर पाठवलेल्या हरकती, शिष्टमंडळाची भेट, समितीतील प्रतिनिधित्व, सल्लागार संस्थेकडून करून घेतलेला अभ्यास, वृत्तपत्रातील पानभर जाहिरात, हे सगळे त्यात धरावे लागते. मराठीत ‘लॉबी’ म्हटले की साखर लॉबी आणि बिल्डर लॉबी डोळ्यांसमोर येतात आणि शब्दाला आपोआप काळी कड लागते. या उत्तरांत मात्र तो केवळ वर्णनासाठी वापरला आहे.

हवामान धोरणात उघड विरोध फारसा दिसत नाही. ‘आम्हाला उत्सर्जन कमी करायचे नाही’ असे कोणतीही कंपनी लिहून देत नाही. खरी ओढाताण तपशिलात होते : आधारवर्ष कोणते धरायचे, लक्ष्य एकूण उत्सर्जनावर ठेवायचे की प्रतिटन उत्पादनामागे, सूट कोणत्या आकाराच्या प्रकल्पाला द्यायची आणि मुदत किती वर्षांची ठेवायची. भारतात २०२३ साली अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत लक्ष्ये उत्सर्जन तीव्रतेची, म्हणजे उत्पादनाच्या एककामागील उत्सर्जनाची आहेत. त्यामुळे उत्पादन वाढले तर लक्ष्य गाठूनही कारखान्याचे एकूण उत्सर्जन वाढू शकते. अशा एका व्याख्येवर कोट्यवधी रुपयांचा फरक पडतो आणि कंपन्यांना तेथे बोलावेसे वाटते, हे स्वाभाविक आहे.

मुदतीचे उदाहरण हवाप्रदूषणाच्या शेजारच्या क्षेत्रातले आहे. कोळशावरील वीजकेंद्रांसाठी गंधक वायूची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये अधिसूचित झाली आणि पालनाची पहिली मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्या अटीतून मोकळे करण्यात आले. या दहा वर्षांत कोणी कोणती मागणी केली, हे सर्वसामान्य नागरिकाला एका जागी वाचायला मिळत नाही. पारदर्शकतेचा प्रश्न येथून सुरू होतो.

२. भारतात लॉबिंग बेकायदेशीर आहे ना?

नाही. भारतात लॉबिंगची नोंदणी करणारा किंवा त्याचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा नाही, म्हणजे ते निषिद्धही नाही आणि चौकटीतही नाही. लाच मात्र गुन्हा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, भ्रष्ट मार्गाने किंवा वैयक्तिक वजन वापरून लोकसेवकाकडून अयोग्य काम करवून घेण्यासाठी मोबदला घेणे कलम ७-अ खाली येते. व्यावसायिक संस्थेची जबाबदारीही त्या कायद्यात वेगळी सांगितली आहे. उघडपणे दिलेले निवेदन आणि बंद पाकीट यांच्यातील विस्तीर्ण प्रदेशाबद्दल कायदा बव्हंशी गप्प आहे.

हा गप्पपणा २०१२ साली चांगलाच उघडा पडला. वॉलमार्टने अमेरिकी कायद्यानुसार तेथे दाखल केलेल्या त्रैमासिक विवरणांत, लॉबिंगच्या विषयांमध्ये भारतातील थेट परकीय गुंतवणुकीचा उल्लेख होता. ते लॉबिंग अमेरिकी लोकप्रतिनिधींपुढे केलेले होते, तरी आपल्या संसदेत गदारोळ झाला आणि २०१३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमली गेली. आपल्या धोरणाविषयीच्या लॉबिंगची बातमी आपल्याला परक्या देशाच्या नोंदवहीतून कळली, हा त्यातला बोचरा भाग. तशी नोंदवही येथे त्यानंतरही झाली नाही.

३. सरकारशी बोलणे हे व्यवस्थापनाचे काम आहे. त्यात संचालक मंडळाच्या कारभाराचा, म्हणजे गव्हर्नन्सचा, संबंध काय?

कंपनीच्या नावाने कोण बोलतो, काय बोलतो आणि ते बोलणे जाहीर उद्दिष्टांशी जुळते का, हे पाहण्याचे काम संचालक मंडळाचे आहे. कंपनी अधिनियम २०१३ चे कलम १६६(२) संचालकाच्या कर्तव्यांत भागधारकांसोबत कर्मचारी, समाज आणि पर्यावरणाचे रक्षण यांचाही उल्लेख करते. मंडळाने २०५० पर्यंत ‘नेट झिरो’चे, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, उद्दिष्ट मंजूर केले आणि त्याच कंपनीच्या शासकीय संपर्क विभागाने नियम लांबणीवर टाकण्याची विनंती पाठवली, तर मंडळाचा स्वतःच्याच निर्णयावर ताबा राहिलेला नाही असे म्हणावे लागते.

येथे एक व्यवहारातील अडचण सांगणे आवश्यक आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांत शाश्वतता विभाग आणि शासकीय संपर्क विभाग वेगळे असतात, त्यांचे वरिष्ठ वेगळे असतात आणि वार्षिक अहवाल पहिला विभाग लिहितो. दुसऱ्या विभागाने वर्षभरात कोणती पत्रे पाठवली हे पहिल्याला ठाऊक असेलच असे नाही. त्यामुळे विसंगती नेहमी लबाडीतून येते असे मानू नये. पुष्कळदा ती दोन खोल्यांमधल्या भिंतीमुळे येते. ती भिंत पाडण्याचा अधिकार मात्र फक्त मंडळाकडे असतो.

४. भारतातील कंपन्यांना याबाबत काय उघड करावे लागते?

बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीच्या आदेशानुसार आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून ‘व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल’ देणे बंधनकारक आहे. सगळे त्याला बीआरएसआर म्हणूनच ओळखतात. तो वार्षिक अहवालाचा भाग असतो. त्यात नऊ तत्त्वे आहेत आणि सातवे तत्त्व नेमके याच विषयावर आहे : सार्वजनिक व नियामक धोरणावर प्रभाव टाकताना उद्योगाने जबाबदारीने आणि पारदर्शकपणे वागावे.

या तत्त्वाखालील माहितीचे दोन भाग पडतात. अनिवार्य भागात कंपनी किती उद्योगसंघटनांची सदस्य आहे हा आकडा, त्यांतील पहिल्या दहा संघटनांची नावे, त्या राज्य पातळीवरच्या आहेत की राष्ट्रीय, आणि स्पर्धाविरोधी वर्तनाबद्दल प्रतिकूल आदेश आला असल्यास केलेली सुधारणा, एवढे द्यावे लागते. ऐच्छिक भागात, ज्याला ‘लीडरशिप इंडिकेटर्स’ म्हणतात, एक तक्ता आहे. कंपनीने कोणत्या धोरणाचा पुरस्कार केला, त्यासाठी कोणता मार्ग वापरला, ती माहिती सार्वजनिक आहे का, संचालक मंडळ तिचा आढावा किती वेळा घेते आणि दुवा कोणता, असे त्याचे स्तंभ आहेत.

म्हणजे विचारायला हवा तो प्रश्न आपल्या नियामकाने विचारलेला आहे, अगदी मंडळाच्या आढाव्यापर्यंत. फक्त उत्तर देणे कंपनीच्या मर्जीवर सोडले आहे. माझ्या मते आपल्याकडच्या या संपूर्ण विषयाचे मर्म या एका तक्त्यात आहे. नवा कायदा येईल तेव्हा येईल, पण हा तक्ता ऐच्छिक रकान्यातून अनिवार्य रकान्यात हलवण्यासाठी संसदेची गरज नाही, सेबीचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

५. पहिल्या दहा संघटना म्हणजे सर्वांत प्रभावी दहा संघटना का?

नाही, आणि हा बारकावा बऱ्याच अभ्यासू वाचकांच्याही नजरेतून सुटतो. नमुन्यात ‘पहिल्या दहा’ ठरवण्याचा निकष संघटनेची एकूण सदस्यसंख्या हा आहे. कंपनीने किती वर्गणी दिली किंवा संघटनेचे दिल्लीत किती वजन आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. परिणामी हजारो सदस्य असलेली सर्वसाधारण चेंबर यादीत वर येतात आणि मोजक्या कंपन्यांची, एकाच उद्योगापुरती, पण नियमांच्या मसुद्यावर शब्दशः काम करणारी संघटना अकराव्या क्रमांकावर जाऊन यादीबाहेर राहू शकते. संघटनांची एकूण संख्या दहापेक्षा बरीच जास्त असेल, तर उरलेल्यांची नावे विचारावीत. कसे विचारावे ते प्रश्न १० मध्ये आहे.

६. अहवालात तो ऐच्छिक तक्ता असतो, पण त्यात काहीच कळत नाही. तो कसा वाचावा?

काही कंपन्या ‘लागू नाही’ असे लिहितात. एकीकडे दहा संघटनांची सदस्य असलेल्या आणि त्यांच्या समित्यांवर आपले अधिकारी पाठवणाऱ्या कंपनीला धोरणाबाबत काहीच म्हणायचे नव्हते, हे मान्य करणे कठीण आहे. काही कंपन्या ‘ऊर्जा संक्रमण, चक्रीय अर्थव्यवस्था आणि कौशल्यविकास या विषयांवर विविध व्यासपीठांवरून विचार मांडले’ असे वाक्य देतात. त्यात विषय आहे, भूमिका नाही. कौशल्यविकासाच्या विरोधात कोणी असते का?

वाचताना एवढेच तपासावे : एखाद्या विशिष्ट मसुद्याचे, अधिनियमाचे किंवा अधिसूचनेचे नाव दिले आहे का आणि त्याबाबत कंपनी बाजूने होती, विरोधात होती की बदल मागत होती हे कळते का. ‘आढावा वार्षिक’ असे लिहिले असेल, तर तो मंडळाच्या कोणत्या समितीने घेतला हे कंपनी कारभारविषयक अहवालातील समितीच्या कामकाजाशी जुळवून पाहावे. माझा अनुभव असा की हे जुळवणीचे काम एका कंपनीसाठी तासाभरात होते आणि त्यातून अहवालाच्या चकचकीत पहिल्या साठ पानांपेक्षा अधिक समजते.

७. कंपनीची भूमिका चांगली आहे, पण तिची उद्योगसंघटना उलट मागणी करते. जबाबदार कोण?

दोघेही, आणि सदस्य कंपनी अधिक. संघटनेचा खर्च वर्गणीतून चालतो आणि तिच्या पत्राला वजन येते ते सदस्यांच्या नावांमुळे. संघटनेच्या आडून बोलण्याची सोय फार जुनी आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ने अमेरिकेत क्योटो कराराला कडाडून विरोध केला. बीपी, शेल, फोर्ड अशा कंपन्या बाहेर पडत गेल्या आणि २००२ मध्ये ती बंद झाली. तोवर प्रत्येक सदस्याला ‘हे आमचे नव्हे, संघटनेचे मत’ असे म्हणता येत होते.

ही सोय मोडण्याची सुरुवात भागधारकांनी केली. ऑस्ट्रेलियात बीएचपी या खाण कंपनीने भागधारकांच्या दबावाखाली २०१७ मध्ये आपल्या संघटनांच्या हवामान भूमिका स्वतःच्या भूमिकेशी ताडून पाहिल्या, तफावती नावानिशी छापल्या आणि २०१८ मध्ये ‘वर्ल्ड कोल असोसिएशन’ सोडली. शेलने २०१९ मध्ये १९ संघटनांचा आढावा प्रसिद्ध करून अमेरिकेतील तेलशुद्धीकरण उद्योगाची एक मोठी संघटना सोडली. फ्रान्सची टोटाल जानेवारी २०२१ मध्ये ‘अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट’मधून बाहेर पडली. या कंपन्या तेल आणि कोळसा काढतच राहिल्या, हेही विसरू नये. येथे घेण्यासारखा आहे तो आढाव्याचा नमुना, कंपनीच्या चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण मोटारींचे आहे. कंपनीच्या सर्व मोटारींच्या सरासरी इंधनवापरावर मर्यादा घालणाऱ्या, ‘कॅफे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांचा तिसरा टप्पा एप्रिल २०२७ पासून अपेक्षित धरून त्याचा मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये आला आणि त्यात ९०९ किलोपर्यंत वजनाच्या छोट्या पेट्रोल मोटारींना सवलत सुचवली होती. मारुती सुझुकीने छोट्या मोटारींना वेगळी वागणूक हवी अशी बाजू मांडली, तर टाटा मोटर्स आणि महिंद्रा यांनी वजनावर आधारलेल्या सवलतीला विरोध केला. एकाच संघटनेचे सदस्य जाहीरपणे समोरासमोर आले. त्यामुळे वाचकाला एरवी न दिसणारी गोष्ट दिसली : ‘उद्योगाची भूमिका’ नावाची एकसंध वस्तू नसते. भांडण झाले म्हणून ते कळले. जेथे एकमत होते तेथे काहीच कळत नाही.

८. मग अशा संघटनेतून बाहेर पडणे हाच उपाय आहे का?

नेहमीच नाही. बाहेर पडलेल्या कंपनीचे हात स्वच्छ राहतात, पण संघटनेच्या बैठकीतील एक वेगळा आवाजही जातो. आत राहून मतभेद लेखी नोंदवणे, संघटनेच्या विशिष्ट पत्रापासून जाहीरपणे अलग होणे, सुधारणेसाठी मुदत देणे आणि ती उलटल्यावर सदस्यत्वाचा फेरविचार करणे, हा क्रम अधिक समंजस वाटतो. ‘आम्ही आत राहून प्रभाव टाकत आहोत’ हे वाक्य मात्र पुराव्याविना वर्षानुवर्षे छापले जात असेल, तर ते मानण्याचे कारण नाही.

९. चांगला खुलासा कसा असतो? त्यासाठी काही मापदंड आहे का?

मार्च २०२२ मध्ये स्वीडनचा एपी-७ हा निवृत्तिनिधी, बीएनपी पारिबाची मालमत्ता व्यवस्थापन कंपनी आणि चर्च ऑफ इंग्लंडचे निवृत्तिवेतन मंडळ यांच्या पुढाकाराने ‘जबाबदार हवामान लॉबिंगचा जागतिक मापदंड’ प्रसिद्ध झाला. त्यात १४ निकष आहेत. लॉबिंग पॅरिस कराराच्या १.५ अंशांच्या उद्दिष्टाशी सुसंगत ठेवण्याची जाहीर बांधिलकी, मंडळ पातळीवर नेमून दिलेली जबाबदारी, थेट आणि संघटनांमार्फतच्या लॉबिंगचा नियमित आढावा, आणि तफावत आढळल्यास काय केले याची नोंद, हा त्यांचा गाभा. लंडनची ‘इन्फ्लुएन्समॅप’ ही संस्था कंपन्यांची पत्रे, निवेदने आणि जाहिराती गोळा करून त्यांना श्रेणी देते. तिचे निष्कर्ष सार्वजनिक पुराव्यावर अवलंबून असल्यामुळे, जेथे निवेदनेच प्रसिद्ध होत नाहीत तेथे तिच्या नजरेलाही मर्यादा पडते.

१०. माझ्याकडे कंपनीचे मोजके शेअर आहेत. मी सभेत ठराव मांडू शकतो का?

एकट्याने जवळजवळ नाही. कंपनी अधिनियमाच्या कलम १११ आणि १०० एकत्र वाचले, तर भागधारकांचा ठराव सर्वांकडे पाठवण्यासाठी भरणा झालेल्या मतदानयोग्य भांडवलाच्या एक दशांशाइतका पाठिंबा लागतो. मोठ्या कंपनीत तो आकडा हजारो कोटींच्या घरात जातो. अमेरिकेत एक वर्ष धारण केलेले २,००० डॉलरचे शेअर ठराव सुचवण्यास पुरेसे होते; २०२० मध्ये बदललेल्या नियमाने तेवढ्या शेअरसाठी ही मुदत तीन वर्षे केली. उंबरठा इतका कमी असल्यामुळे तेथे २०२० मध्ये शेवरॉनच्या सभेत हवामान लॉबिंगच्या अहवालाची मागणी सुमारे ५३ टक्के मतांनी आणि २०२१ मध्ये एक्झॉनमोबिलच्या सभेत सुमारे ६४ टक्के मतांनी मंजूर होऊ शकली. ते ठराव बंधनकारक नव्हते, तरी व्यवस्थापनाचा विरोध असताना बहुमत मिळणे ही मोठी गोष्ट होती. त्या वाटेवरही अडथळे आहेत. एक्झॉनमोबिलने जानेवारी २०२४ मध्ये हवामानविषयक ठराव मांडणाऱ्या दोन भागधारक संस्थांवर थेट दावाच दाखल केला.

आपल्याकडे ठराव नाही, पण प्रश्न विचारता येतो. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेत वक्ता म्हणून नाव नोंदवण्याची मुदत आणि ईमेल दिलेला असतो. प्रश्न आधी लेखी पाठवावा आणि तो इतका नेमका असावा की आभार मानून टोलवता येऊ नये. उदाहरणार्थ : ‘अहवालातील सातव्या तत्त्वाखाली आपण २६ संघटनांचे सदस्यत्व दाखवले आहे. उरलेल्या १६ संघटनांची नावे आणि गेल्या वर्षी कार्बन व्यापार योजनेच्या मसुद्यावर कंपनीने स्वतः किंवा संघटनेमार्फत पाठवलेल्या निवेदनाची प्रत संकेतस्थळावर ठेवणार का? नसल्यास कारण काय?’ संख्या आणि मसुदा आपल्या कंपनीप्रमाणे बदलावेत. सभेत बोलायला मिळणारी दोन-तीन मिनिटे अध्यक्षांच्या स्तुतीत आणि लाभांशाच्या मागणीत जातात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यात असा एक प्रश्न सुद्धा वेगळा उठून दिसतो.

११. माझी गुंतवणूक म्युच्युअल फंडातून आहे. माझा काही अधिकार आहे का?

मत देण्याचा अधिकार फंडाकडे असतो, पण त्याने तो वापरावाच असे बंधन आहे. एप्रिल २०२२ पासून फंडांना सर्व ठरावांवर मतदान करावे लागते आणि ते कारणांसह संकेतस्थळावर द्यावे लागते. संचालकाच्या फेरनियुक्तीवर फंडाने कसे मत दिले हे तेथे पाहता येते. फंडाला लेखी विचारावे की कंपन्यांशी संवाद साधताना धोरणविषयक भूमिकेचा विषय तो काढतो का. पर्यावरण, समाज आणि कारभार हे निकष लावणाऱ्या ‘ईएसजी’ नावाच्या योजनांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. त्यांचा आधार असलेल्या ‘बीआरएसआर कोअर’ या अहवालातील निवडक भागाच्या नऊ घटकांत हरितगृह वायू, पाणी, ऊर्जा, कचरा, कर्मचारी सुरक्षा इत्यादी गोष्टी आहेत, लॉबिंग नाही. त्यामुळे त्रयस्थ तपासणी झालेला अहवाल असला, तरी त्या तपासणीत या विषयाला कोणी हात लावलेला नसतो.

१२. माहितीच्या अधिकारात कंपन्यांची निवेदने मिळतात का?

मागता येतात, आणि माझ्या मते हे सर्वांत कमी वापरले गेलेले साधन आहे. निवेदन एकदा मंत्रालयाच्या फाइलला लागले की ते सार्वजनिक प्राधिकरणाकडील माहिती ठरते. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत, ही पद्धत परिचित आहे. अर्जात मसुद्याचा अधिसूचना क्रमांक आणि तारीख द्यावी आणि ‘त्यावर उद्योगसंघटना व कंपन्यांकडून आलेल्या हरकती व सूचनांच्या प्रती’ अशी मागणी करावी. ‘लॉबिंगची माहिती द्या’ असे लिहिल्यास ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ हेच उत्तर येणार.

नकार बहुधा कलम ८(१)(ड) खाली, म्हणजे व्यापारी गुपिताच्या कारणाने येतो, किंवा कलम ११ खाली त्रयस्थ पक्षाची हरकत मागवली जाते. उत्पादनखर्चाचा तक्ता गुपित असू शकतो. ‘मुदत तीन वर्षांनी वाढवावी’ ही मागणी गुपित कशी, हा युक्तिवाद अपिलात करता येतो. शिवाय महत्त्वाचे धोरण आखताना संबंधित वस्तुस्थिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य त्याच कायद्याच्या कलम ४(१)(क) मध्ये आहे, आणि २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणात आलेल्या सूचनांचा सारांश संकेतस्थळावर ठेवण्यास सांगितले आहे. हे धोरण कायदा नव्हे, पण अर्जात त्याचा उल्लेख करण्यास हरकत नाही.

१३. अमेरिका आणि युरोपात सगळे उघड असते, हे खरे का?

अर्धेच खरे आहे. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करून खर्च आणि विषय दर तिमाहीस जाहीर करावे लागतात, पण भूमिका जाहीर करावी लागत नाही. तिमाहीत एकूण अमुक डॉलर खर्च झाले आणि अमुक विधेयकांवर लॉबिंग झाले एवढेच कळते, बाजूने की विरोधात ते कळत नाही. युरोपीय संघाची पारदर्शकता नोंदवही आहे आणि २०१४ च्या अखेरीपासून आयुक्तांना आपल्या भेटीगाठी प्रसिद्ध कराव्या लागतात. ब्रिटनच्या २०१४ च्या कायद्यात फक्त सल्लागार लॉबिस्ट येतात, कंपनीच्या पगारावरचे अधिकारी येत नाहीत. पैशाचा आकडा हा सर्वांत सोपा खुलासा असतो आणि सर्वांत कमी सांगणारा. म्हणूनच प्रश्न ४ मधील आपला तक्ता, जो खर्चाऐवजी भूमिका विचारतो, तो कागदावर तरी अमेरिकी नमुन्यापेक्षा सरस आहे.

१४. राजकीय देणग्या लॉबिंगमध्ये धराव्यात का?

हिशेब वेगळा ठेवावा, पण वाचताना शेजारी ठेवावा. कंपनी अधिनियमाच्या कलम १८२ खालील मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालात निवडणूक रोखे योजनेसोबत ती दुरुस्तीही घटनाबाह्य ठरवली. देणगी आणि धोरण यांच्यात कार्यकारणसंबंध आहे असे केवळ तारखा जुळल्यावरून म्हणता येत नाही.

१५. एखादी कंपनी अक्षय ऊर्जेच्या बाजूने लॉबिंग करत असेल, तरी तिने ते उघड करावे का?

होय, तंतोतंत तेवढेच. सौर उपकरणांवरील आयात शुल्क वाढवावे अशी मागणी देशी उत्पादकाच्या फायद्याची असते आणि तिचा बोजा सौर प्रकल्प उभारणाऱ्यावर पडतो. दोघेही ‘हरित’ आहेत. पारदर्शकता ही फक्त विरोधकांनी पाळायची गोष्ट ठरली, तर तिचे हत्यार होते आणि मग कोणीच ती पाळत नाही.

१६. कंपनी जाहिरातीत हवामानप्रेमी आणि निवेदनात उलट असेल, तर ग्राहक म्हणून तक्रार करता येते का?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांचा रोख वस्तू आणि सेवांबाबतच्या दाव्यांवर आहे. दावा सिद्ध करता येत नसेल तर तक्रार होऊ शकते. दावा खरा आहे, पण कंपनीने धोरणाला विरोध केला, एवढ्या आधारावर ती टिकणे कठीण आहे. ही तक्रार ग्राहकाऐवजी भागधारकाच्या वाटेने नेणे बरे (प्रश्न १० आणि ११).

१७. सरकारी कंपनी सरकारकडेच लॉबिंग करते, असे म्हणता येईल का?

शब्द विचित्र वाटला तरी वस्तुस्थिती तशी आहे. कोल इंडिया आणि एनटीपीसी या नोंदणीकृत कंपन्या आहेत, त्यामुळे त्यांना बीआरएसआर लागू आहे. त्या सार्वजनिक प्राधिकरण असल्यामुळे माहितीचा अधिकारही थेट त्यांना लागू होतो. म्हणजे खासगी कंपनीबाबत मंत्रालयाकडे जावे लागते, तर येथे दोन्ही दारे उघडी आहेत. मालक आणि नियामक एकाच सरकारात असल्यामुळे पुष्कळ गोष्टी मात्र पत्राविना, बैठकीतच ठरतात, आणि जेथे कागद नाही तेथे कायद्याचाही उपयोग थांबतो.

१८. परदेशी कंपनीची भारतातील उपकंपनी शेअर बाजारात नसेल तर?

तिला बीआरएसआर लागू नाही. अशा वेळी पालक कंपनीच्या देशातील अहवाल पाहावा. टोयोटाने २०२१ पासून आपल्या हवामानविषयक धोरण-भूमिकांचा स्वतंत्र अहवाल काढण्यास सुरुवात केली. त्यावर समाधान न झालेल्या युरोपीय गुंतवणूकदारांनी २०२३ च्या सभेत ठराव आणला, त्याला सुमारे १५ टक्के मते मिळाली. अशा अहवालांत भारताचा उल्लेख असला तर तो बहुधा एखाद्या ओळीचा असतो, पण ती ओळही येथील नियामकाकडे विचारणा करताना कामी येते.

१९. आमच्या भागात साखर कारखाना सहकारी आहे. इथेनॉल धोरणासाठी तोही पाठपुरावा करतो. त्याला यातले काय लागू होते?

सेबीचे काहीच नाही. सहकारी कारखाना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेला असतो, शेअर बाजारात नसतो. तरी पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण हे हवामान आणि ऊर्जा धोरणच आहे आणि त्यात कारखान्यांचे हितसंबंध थेट आहेत. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, तेव्हा कारखान्यांनी आणि त्यांच्या संघांनी दिल्लीपर्यंत धाव घेतली आणि काही दिवसांतच निर्बंध अंशतः शिथिल झाले. त्या वेळच्या मागण्या वृत्तपत्रांत आल्या, कारण संकट मोठे होते. दर, कोटा आणि व्याजसवलतीचा एरवीचा पाठपुरावा सभासदापर्यंत पोहोचतोच असे नाही.

माहितीच्या अधिकाराबाबतही येथे अडचण आहे. सर्वोच्च न्यायालयाने थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात ऑक्टोबर २०१३ मध्ये स्पष्ट केले की सरकारचे लक्षणीय नियंत्रण किंवा अर्थसाहाय्य सिद्ध झाल्याशिवाय सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. म्हणून अर्ज कारखान्याकडे न करता साखर आयुक्तालयाकडे किंवा केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाकडे, प्रश्न १२ मध्ये सांगितल्याप्रमाणे, करावा. सभासद असाल तर वार्षिक सभेत संघाला दिलेली वर्गणी आणि संघाने त्या वर्षी केलेल्या मागण्या, दोन्ही विचारता येतात.

आणखी एक गुंता आहे, ज्याला कोणत्याही जागतिक मापदंडात रकाना नाही. कारखान्याचा अध्यक्ष कधी आमदार असतो, कधी मंत्री. निवेदन देणारा आणि घेणारा एकच माणूस असेल, तर आवक-जावक नोंदवहीत काय लिहायचे? निदान एवढे विचारावे : इथेनॉल किंवा साखरेचा विषय ज्या बैठकीत निघाला, तेथे त्यांनी आपला कारखान्याशी असलेला संबंध इतिवृत्तात नोंदवला होता का.